पिशवीसकट वजन

१

रोज सकाळी काम सुरू करण्याआधी काटेमास्तर स्वतःचं वजन करायचा. एकदा नाही, चार वेळा.

गॅरेजच्या मधल्या खोलीची फरशी ताशीव सपाट होती. तिच्यावर चार चौकोनी वजनकाटे मांडलेले असत, गाडीच्या चार चाकांखाली एकेक. वेगाच्या गाड्यांचे लाड असेच असतात. कुठल्या चाकावर किती भार पडतो ते किलोकिलोने जुळवावं लागतं, नाहीतर पळताना गाडीचा तोल जातो. काटे तपासायला म्हणून आलेली लोखंडी वजनं केव्हाच कुणीतरी दारं अडवायला पळवली होती. त्यामुळे मास्तर स्वतःच बूट काढून एकेका काट्यावर उभा राहायचा आणि काट्यांना जोडलेल्या हातातल्या डबीवर आकडा बघायचा. अडुसष्ट चारशे. चारही ठिकाणी अडुसष्ट चारशे आलं की बूट चढवायचे आणि कामाला लागायचं.

"माणूस खोटं बोलेल, काटा नाही," हे त्याचं पालुपद होतं. नाव त्यावरूनच पडलं होतं. गॅरेजचा रंगारी म्हणायचा, "मास्तर, तुझ्या घरी भांडणसुद्धा तोलूनमापून होत असेल."

त्या दिवशी पहिली गाडी दातांच्या डॉक्टरांची होती. लिंबाच्या रंगाची, कमरेइतकी उंच, जमिनीला पोट टेकून बसलेली. ताशी तीनशेने पळायला जन्मलेली, आणि तिच्या नशिबी आली होती भाजी. डॉक्टर तिच्यातून दवाखान्यात जायचे, दूध आणायचे, कपडे इस्त्रीला टाकायचे. मागे नावापुरत्या दोन सीटा होत्या, त्यात त्यांची शाळकरी लेक गुडघे हनुवटीला लावून बसायची. गतिरोधक आला की डॉक्टर खाली उतरून चाकांपुढे लाकडी फळी टाकायचे आणि मागच्या गाड्यांचे भोंगे ऐकत निवांत पुढे जायचे. कुणी टोकलं तर म्हणायचे, "घोडा घेतलाय तो काय तबेल्यात बघायला?" रोजच्या दणक्यांनी गाडीची जुळणी बिघडायची, म्हणून दर महिन्याला ती मास्तरकडे यायची.

आठ महिन्यांपूर्वी याच गाडीने मास्तरच्या ताईला उडवलं होतं. ती जागच्या जागी गेली.

२

जुळणी करताना चालकाच्या जागी त्याच्या वजनाचं ओझं ठेवावं लागतं. गाडी रिकामी कधी पळत नाही ना. डॉक्टर ऐंशी किलोचे, म्हणून मास्तरने चाळीस-चाळीसची वाळूची दोन पोती उजवीकडच्या सीटवर ठेवली, दार लावलं, आणि नेहमीच्या स्टुलावर, पुढच्या डाव्या चाकापाशी, डबी मांडीवर घेऊन बसला.

एकूण वजन जास्त भरलं.

थोडंथोडकं नाही. मागच्या उजव्या चाकावर, म्हणजे चालकाच्या पाठीमागच्या सीटवर, कुणीतरी बसल्यासारखं. मास्तर हसला. पोतं गाडीत विसरणं ही या धंद्यातली जुनी चूक. मागे एकदा एक गिऱ्हाईक वाळूचं पोतं घेऊन दोन आठवडे फिरलं होतं आणि गाडी दमते अशी तक्रार करत आलं होतं. मास्तरने दार उघडून मागे पाहिलं. सीट रिकामी होती. डिकी उपसली. ती फळी, लेकीची बुटांची पिशवी, कांद्याची चार सालं. सगळं खाली काढलं. पुन्हा डबी पाहिली.

अठ्ठेचाळीस किलो दोनशे ग्रॅम जास्त.

त्याने गाडी ढकलून खाली घेतली. चारही काट्यांवर बूट काढून स्वतः उभा राहिला. अडुसष्ट चारशे, चार वेळा. गाडी पुन्हा वर चढवली. अठ्ठेचाळीस दोनशे.

मग त्याची नजर भिंतीवर गेली. स्टुलाच्या मागे, हाताला लागेल तिथे, गॅरेजवाल्यांनी पेन्सिलने बरंच काही लिहून ठेवलं होतं. फोन नंबर, टायरांची मापं, एक नाकवाला चेहरा. त्यात त्याच्याच अक्षरात एक ओळ होती: ताई, पिशवीसकट, ४८.२.

दोन वर्षांपूर्वी ती जेवणाचा डबा द्यायला आली होती. "चढ बघू," तो म्हणाला होता. ती चढली, पण हातातली कापडी पिशवी खाली ठेवायला काही तयार होईना. "तुमच्या फरशीला तेल आहे. पिशवी मी शिवलीय, तू नाही." मग पिशवीसकट आकडा लिहिला. खाली उतरता उतरता ती म्हणाली होती, "बघ, इतकीच आहे मी. आणि लहानपणी म्हणायचास, ताई, मेलो, मेलो!"

आई लवकर गेली तेव्हा ताई चौदाची होती आणि तो सहाचा. ती मारायची नाही. खोटं बोललेला पकडला गेला की त्याला पालथा पाडून पाठीवर बसायची आणि खरं बोलेपर्यंत उठायची नाही. तरी त्याने रेटून खोटं सांगितलं, की जमिनीला टेकलेले पाय वर उचलून घ्यायची, म्हणजे सगळा भार त्याच्यावर. "जितकं खोटं बोलशील, तितकी जड होईन," म्हणायची.

मास्तर उठला आणि मागच्या काचेतून आत पाहू लागला. रिकाम्या सीटचं चामडं मधोमध थोडं खोल गेलं होतं. चामडं तसं जातंही, वापराने.

३

भीती वाटायला हवी होती. पण खरं सांगायचं तर त्याला आनंद झाला.

आठ महिने तो जळत होता. ती सकाळ त्याने स्वतः पाहिली नव्हती, पण डोळ्यांपुढून हलत नव्हती. ताई पट्ट्यांवरून रस्ता ओलांडत होती. डॉक्टरांना दवाखान्यात उशीर झाला होता. पुढच्या बसला मागे टाकायला त्यांनी डावीकडून गाडी काढली. चौकशीला आलेल्या साहेबांपुढे ते म्हणाले, "गाडी अचानक डावीकडे ओढली गेली." आणि सुटले. महिनाभरात गाडीचं नवीन नाक बसलं, याच गॅरेजात. रंगाऱ्याने मान खाली घालून रंग मारला, मास्तरने चाकं जुळवली. डॉक्टरांनी गाडी विकली नाही, रस्ताही बदलला नाही. त्याच पट्ट्यांवरून ते लेकीला शाळेत सोडतात, भाजी आणतात, शीळ घालतात.

आता त्यांच्या मानेमागे वीतभर अंतरावर ताई बसली होती. मास्तरला वाटलं, आहे, कुठेतरी न्याय आहे.

"बस," तो काचेला तोंड लावून हळूच म्हणाला. "आरामात बस. घाई करू नकोस."

आणि मग त्याने जे केलं ते कुठल्याही कारागिराने केलं नसतं. त्याने गाडीची जुळणी तिचं वजन धरून केली. प्रत्येक चाकाची स्प्रिंग अर्धा अर्धा आटा फिरवत, दोन माणसांची गाडी म्हणून तोलली. कागदावर मात्र एकाच माणसाचे आकडे लिहिले. मास्तरच्या हातून खोटा आकडा लिहिला जायची ही पहिली वेळ नव्हती.

डॉक्टर संध्याकाळी गाडी न्यायला आले. एक फेरी मारून परत आले तेव्हा खुशीत होते. "मास्तर, काय हात आहे हो तुमचा! लोण्यासारखी चालते."

"चालेलच," मास्तर म्हणाला.

४

पुढच्या महिन्यात भार मागच्या डाव्या चाकावर होता.

मास्तर जरा हिरमुसला. चालकाच्या पाठीमागून ती बाजूला का सरकली? त्याने स्वतःची समजूत घातली: मागून नाही, तिला तोंडावर गाठायचं असेल. त्याच्या पुढच्या महिन्यात भार पुढच्या डाव्या सीटवर आला, चालकाच्या शेजारी. तेव्हा मात्र मास्तरने मांडीवर थाप मारली. वळसा घालून येत होती तर! मागे उजवीकडे, मागे डावीकडे, पुढे डावीकडे. आता उरली एकच जागा. पुढच्या खेपेला ती डॉक्टरांच्या मांडीवर बसणार होती, दोन्ही पाय उचलून.

आपण स्टूल कुठे मांडतो, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.

घरी भाची होती. ताईची एकुलती एक, एकवीस वर्षांची. आई गेल्यापासून मामाकडेच राहायची. मामा आताशा शीळ घालतो हे तिने पाहिलं होतं. रात्री ताटं मांडताना ती म्हणाली, "मामा, पहिल्या तारखेपासून मी तुमच्या गॅरेजच्या ऑफिसात. मालकांनी जुन्या फायली लावायचं काम दिलंय आधी."

त्याने पाण्याचं भांडं भरून घेतलं.

"मग मला आईचा तो कागद बघायला मिळेल ना? गाडीतल्या दोषाचा. तू म्हणाला होतास, गॅरेजने लिहून दिला होता."

"असेल कुठेतरी."

"कुणी लिहिला होता?"

"एक कारागीर होता. सोडून गेला तो."

"खरंच दोष होता ना रे गाडीत? मला सारखं वाटतं, नसला तर?"

"होता," मामा म्हणाला आणि पाण्याचं भांडं तोंडाला लावलं.

कागद त्यानेच लिहिला होता. अपघाताच्या चारच दिवस आधी त्याने ती गाडी सुतासारखी सरळ जुळवली होती. अपघातानंतर फुटक्या नाकासकट ती काट्यांवर चढवली, तेव्हाही मागची चाकं एका केसानेही हललेली नव्हती, आणि ओढण्याची एकही खूण नव्हती. पण मालकांनी केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. "मास्तर, डॉक्टर जुने गिऱ्हाईक. लिही, खड्ड्याने जुळणी बिघडली होती, गाडी डावीकडे ओढत होती. कुणाचंच काही वाकडं होत नाही यात. ताई काही परत यायची नाही. जी मागे राहिलीय तिचं बघ. पोरीला मी इथे चिकटवून घेतो."

त्याने सही केली. लगेच नाही, तिसऱ्या दिवशी केली, आणि तेही भाचीसाठी, असं तो स्वतःला सांगायचा. हळूहळू त्या सहीवर डॉक्टरांबद्दलच्या रागाची इतकी जाड साय धरली की खालचं काही दिसेनासं झालं.

५

महिना भरायच्या आधीच, एका दुपारी, डॉक्टर आले. शर्ट पाठीला चिकटलेला होता.

"मास्तर, आता मात्र खरंच ओढते हो गाडी."

'आता मात्र खरंच' हे शब्द डॉक्टरांच्या तोंडून गेले आणि त्यांनी नजर गाडीकडे वळवली. मास्तरच्या मनात आलं, झालं, सुरुवात झाली.

"कुठल्या बाजूला?"

"तेच तर सांगता येत नाही. तुम्ही बसा शेजारी, दाखवतो."

शेजारी म्हणजे डावी सीट. मास्तर दार उघडून उभाच राहिला. सीटचा पट्टा लावलेला होता, घट्ट, आडवा. "लेक बसली असेल," असं म्हणत डॉक्टरांनी तो सोडला. मास्तर बसला. अशा गाडीत बसायचं म्हणजे पडायचंच असतं, आधी बूड आणि मग पाय. सीट गरम होती. दिवसभर उन्हात उभी राहिलेली गाडी, गरम असणारच, असं तो मनाशी म्हणाला. पण आत ताईच्या शिवणयंत्राच्या तेलाचा वास येत होता.

गॅरेजच्या मागून जाणाऱ्या लांब रस्त्यावर डॉक्टरांनी गाडी घातली. "बघा हं. हात सोडतो."

स्टिअरिंगचं चाक हळूच डावीकडे फिरलं. गाडी दुभाजकापासून दूर, फुटपाथकडे जाऊ लागली. डॉक्टरांनी ती सावरली.

"डावीकडे ओढते," मास्तर म्हणाला. हेच त्याने कागदावर लिहिलं होतं, शब्दन् शब्द.

"थांबा. आता उलटं जाऊ."

पुढच्या चौकात डॉक्टरांनी गाडी वळवली आणि त्याच रस्त्याने परत निघाले. पुन्हा हात सोडले. आता चाक उजवीकडे फिरलं.

मास्तरने डोकं वर केलं. जाताना गॅरेजचं छप्पर डाव्या हाताला होतं. आता ते उजव्या हाताला होतं.

"शाळेपाशी गेलो तरी तेच," डॉक्टर सांगत होते. "दवाखान्यातून निघालो तरी तेच. कुठूनही निघा, गाडीला तुमच्याकडेच यायचं असतं. बायको तर म्हणाली, मास्तरला घरीच ठेवून घ्या." ते हसले, पण नुसतं तोंडाने.

मास्तर हसला नाही. मागे उजवीकडे, मागे डावीकडे, पुढे डावीकडे. त्याने पहिल्यांदा मनातल्या मनात खोलीत स्टूल मांडलं. पुढच्या डाव्या चाकापाशी, दाराला लागून. वळसा चालकाकडे नव्हताच. डॉक्टर गाडी रोज वापरतात, तशी तीही वापरत होती. कुठेतरी पोचायला.

त्याने मान वळवली नाही, फक्त नजर बाहेरच्या आरशाकडे नेली. त्याच्याच दारात कापडी पिशवीचा एक बंद अडकला होता. निळ्या चौकटींचा, दुहेरी शिवणीचा. वाऱ्याने फडफडत होता आणि मधूनच ताठ होत होता, आतून कुणी ओढून घेतल्यासारखा.

गॅरेजपाशी गाडी थांबली. मास्तरने दार उघडलं. फटीत काही नव्हतं. उठताना मात्र त्याला गुडघ्यावर हात ठेवून जोर द्यावा लागला. बुटक्या गाडीतून उतरताना सगळ्यांनाच द्यावा लागतो.

गाडी काट्यांवर चढवली. पोती ठेवली. मास्तर खूप वेळ डबीकडे बघत राहिला. एक ग्रॅमही जास्त नव्हता. डॉक्टर एक चक्कर मारून आले, तर गाडी बाणासारखी सरळ. "गेला बघा दोष!" ते खिडकीतून ओरडले. "काय केलंत काय?"

आणि शीळ घालत निघून गेले. भाजी घ्यायची होती त्यांना.

६

दुसऱ्या दिवशी पहिली तारीख होती. भाची दहाला येणार होती. मास्तर आठलाच आला. जिन्याच्या बारा पायऱ्या चढून ऑफिसात जायचं, कपाटातून फाईल काढायची, कागद फाडायचा, खाली येऊन रंगाऱ्याच्या शेगडीत टाकायचा. रात्रभर त्याने एवढंच ठरवलं होतं.

सहाव्या पायरीवर तो थांबला. छाती भरून आली, पोटऱ्या थरथरायला लागल्या. वय झालं, तो म्हणाला. झोप नाही, तो म्हणाला. कठडा धरून खाली आला आणि सवयीने मधल्या खोलीत गेला, बूट काढले आणि पहिल्या काट्यावर चढला.

एकशे सोळा सहाशे.

दुसऱ्या काट्यावर एकशे सोळा सहाशे. तिसऱ्यावर तेच. चौथ्यावर जायला त्याला भिंतीचा आधार घ्यावा लागला, आणि हात नेमका त्या पेन्सिलच्या ओळीवर पडला. बेरीज करायची गरज नव्हती, पण हाताला वळण पडलेलं, त्याने केली. अडुसष्ट चार आणि अठ्ठेचाळीस दोन.

"ताई," तो म्हणाला. "अगं, मी नाही, तो. गाडी त्याची होती. मी त्या रस्त्यावर नव्हतोसुद्धा."

एकशे एकोणीस.

"मी पोरीसाठी केलं."

एकशे चोवीस. पाठीचा कणा मधोमध दबत गेला आणि मान आपोआप खाली आली. लहानपणी यायची तशीच. जमिनीवरून ताईचे दोन पाय उचलले गेले होते.

"सांगतो. तिला सगळं सांगतो. उद्या सांगतो, ताई, पहिला दिवस आहे तिचा. उद्या नक्की."

एकशे एकतीस.

किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. दारात चपला वाजल्या. भाची नवा ड्रेस घालून आली होती, खांद्याला आईने शिवलेली निळ्या चौकटींची दुसरी पिशवी.

"मामा? असा वाकून काय उभायस?"

"पाठ धरलीय जरा," तो फरशीकडे बघत म्हणाला.

ती जवळ आली. स्टुलावरची डबी तिने उचलली. "अय्या, हा तुझा काटा? यात एकशे छत्तीस दाखवतंय. तू कुठला रे एवढा?" मग तिचा आवाज थोडा बदलला. घरात रोज ऐकलेली ओळ तिला आठवली असावी. "मामा, तूच म्हणतोस ना, माणूस खोटं बोलेल, काटा नाही?"

सांगायला एवढीच वेळ होती. पोर समोर होती, कागद वर कपाटात होता, आणि पाठीवरची ताई वाट बघत होती. तिचा श्वास त्याला कानामागे लागत होता, डबा घेऊन भरभर चालत आल्यावर लागायचा तसा. मास्तरने तोंड उघडलं.

"बिघडलाय गं काटा," तो म्हणाला.

त्याचे गुडघे फरशीला टेकले. भाचीच्या हातातल्या डबीवरचा आकडा वर चढत होता, आणि ती तो मोठ्याने वाचत होती.